मनगटाचं प्लॅस्टर निघालं, पण हात आखडलाय: व्यायाम, हाताने केलेली थेरपी आणि 'एक झटका'

प्रश्न: माझी आई ५८ वर्षांची आहे. आम्ही गंगाखेड तालुक्यात राहतो. न्हाणीत पाय घसरून ती उजव्या हातावर पडली आणि मनगटाजवळ हाड मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर होतं, ते काढून दहा-बारा दिवस झाले. हाड जुळलंय, हात हलवत राहा, असं डॉक्टर म्हणाले. पण बोटं पूर्ण मिटत नाहीत, मनगट वाकत नाही, तळहात वर करता येत नाही आणि आता खांदाही वर जाईना. नातेवाईक म्हणतात, शेजारच्या गावात हाड बसवणारे आहेत, तेल लावून ओढतात आणि एका झटक्यात मोकळं करतात. नुसत्या व्यायामाने होईल का, की कुणीतरी हाताने सोडवावंच लागेल?

उत्तर:

ताई, आधी मुद्द्याचं सांगतो. झटका देऊ देऊ नका. तुमच्या प्रश्नात दोनच वाटा आहेत, व्यायाम किंवा हाताने सोडवणं. खरं तर ही दोन्ही कामं एकमेकांना धरून चालतात. फिजिओथेरपिस्ट हाताने सांधा हळूहळू सैल करतो, तेव्हा त्या दिवशी पाच-दहा अंशांची जागा मिळते. त्या जागेत आईने पुढचे दोन दिवस स्वतःचा हात चालवला, तरच ती टिकते. नाही चालवला तर पुढच्या भेटीला सांधा पुन्हा होता तिथेच आलेला असतो. म्हणून दोन्हींपैकी एकच निवडायची वेळ आली, तर मी व्यायाम निवडेन. झटका मात्र थेरपीतही बसत नाही आणि व्यायामातही नाही.

आईच्या हाताला नेमकं काय झालंय ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. पसरलेल्या हातावर पडल्यावर मनगटाच्या थोडं वर, अंगठ्याच्या बाजूचं जाड हाड मोडतं. अब्राहम कॉलीज या आयरिश सर्जनने १८१४ साली याचं वर्णन केलं, म्हणून डॉक्टर याला 'कॉलीज फ्रॅक्चर' म्हणतात. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांत हे फार दिसतं. हाड सहा आठवड्यांत बऱ्यापैकी जुळतं, त्याची काळजी सहसा उरत नाही. आखडतं ते हाडाभोवतीचं सगळं, म्हणजे सांध्याची पिशवी, तिला बांधणाऱ्या शिरा (रक्ताच्या नव्हे, हाडाला हाड जोडणारे चिवट पट्टे) आणि बोटांकडे जाणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या. त्यात सूज साठून राहिली की हे थर एकमेकांना चिकटतात.

आता बोटं तर प्लॅस्टरच्या बाहेर होती, मग ती का आखडली? दोन कारणं. एक म्हणजे भीती. 'हात हलवायचा नाही' हे ऐकून बहुतेक बायका बोटंही हलवत नाहीत, हात झोळीत टाकून बसतात. दुसरं कारण सांध्याच्या रचनेत आहे. बोटं जिथे तळहाताला जोडलेली आहेत, तिथल्या सांध्यांच्या बाजूच्या शिरा बोट सरळ असताना सैल असतात आणि मूठ वळली की ताणल्या जातात. सहा आठवडे बोटं सरळच राहिली, तर त्या सैल अवस्थेतच आखूड होतात आणि मग मूठ वळायला लांबीच उरत नाही. प्लॅस्टरची कड तळहातावरच्या घडीच्या पुढे गेलेली असेल तर हे हमखास होतं.

म्हणून सुरुवात मनगटापासून करू नका, बोटांपासून करा. नातेवाईकांचं सगळं लक्ष मनगटावर असतं, कारण मोडलं तिथे. पण मूठ वळत नसलेल्या हाताचं मनगट कितीही वाकलं तरी तो हात कामाचा नाही. तांब्या धरायला, पदर खोचायला, चपलेचा पट्टा ओढायला मूठच लागते.

आज संध्याकाळी आईला मूठ वळायला सांगा आणि मधल्या बोटाचं टोक तळहातापासून किती दूर राहतं ते तुमच्या बोटांनी मोजा. दोन बोटं मावतात का तीन, ते कॅलेंडरवर लिहून ठेवा. दर रविवारी हेच माप घ्या. रुग्णाला रोजचा फरक जाणवत नाही आणि 'काहीच होईना' म्हणून व्यायाम सुटतो. लिहिलेलं माप समोर असलं की धीर येतो.

बोटांचा व्यायाम असा. हात छातीच्या वर धरा, कोपर उशीवर टेकलेलं. आधी बोटं ताठ सरळ. मग फक्त वरची दोन पेरं वाकवून आकड्यासारखी. पुन्हा सरळ. मग बोटांच्या मुळातून वाकवून बोटं सरळच ठेवायची, हाताचा काटकोन झाला पाहिजे. पुन्हा सरळ. मग पूर्ण मूठ. प्रत्येक ठिकाणी मनात पाचपर्यंत मोजायचं. आईची बोटं स्वतःहून जिथे थांबतात, तिथून पुढे डाव्या हाताने हळू दाबून थोडं नेता येतं. दाबायचं म्हणजे ओढून रडवायचं नाही, ताण जाणवला की तिथे धरून ठेवायचं. अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावून करंगळीच्या मुळापर्यंत न्यायचा.

हात उंच धरायचा तो सुजेसाठी. हात दिवसभर खाली लोंबकळत राहिला की पाणी बोटांत उतरतं. वर धरून मूठ उघड-मीट केली की तेच पाणी मागे ढकललं जातं. तेल लावायचंच असेल तर खुशाल लावा, पण बोटांच्या टोकाकडून कोपराकडे, हलक्या हाताने. मोडलेल्या जागेवर अंगठा रोवून चोळायचं नाही.

एक गोष्ट बाईमाणसांच्या बाबतीत मुद्दाम सांगतो. पडल्यावर दवाखान्यात बांगड्या काढाव्या किंवा फोडाव्या लागतात, आणि प्लॅस्टर निघालं की 'हात मोकळा बरा दिसत नाही' म्हणून लगेच बांगड्या भरायला नेतात. कासारीण हात दाबून, बोटं एकत्र चुरून बांगडी चढवते. निरोगी हाताला ते चालतं. सुजलेल्या, आखडलेल्या हाताला ती दाबादाबी फार महागात पडते. सूज पूर्ण उतरेपर्यंत उजव्या हातात काही घालू नका, अंगठीसुद्धा नको. आईला वाईट वाटत असेल तर डाव्या हातात भरा.

आता मनगट. टेबलाच्या किंवा ओट्याच्या कडेवर हाताचा कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग टेकवा, तळवा खाली, पंजा कडेच्या बाहेर. मुठीत एक लिंबू धरायला द्या आणि मग पंजा वर उचलायला सांगा. लिंबू कशासाठी? प्लॅस्टरमधून निघालेला हात एक चोरी करतो. मनगट वर उचलणारे स्नायू दमलेले असतात, म्हणून रुग्ण बोटं ताठ करून, बोटं उचलणाऱ्या स्नायूंच्या जोरावर पंजा वर नेतो. वरवर पाहता मनगट वाकल्यासारखं वाटतं. पण वस्तू धरायला बोटं मिटली की लगेच पंजा खाली पडतो आणि पकडीत जोर येत नाही. लिंबू धरलेलं असलं की बोटांना ही चोरी करता येत नाही आणि खऱ्या स्नायूंनाच काम करावं लागतं. दाबून लिंबू पिळायचं नाही, फक्त सुटू नये इतकंच धरायचं. पंजा वर, पाचपर्यंत मोजा, सावकाश खाली. मग तसाच खाली वाकवायचा, यावेळी बोटं सैल सोडून.

ताणासाठी नमस्कारासारखं सोपं काही नाही. दोन्ही तळवे छातीसमोर जोडा, तळव्यांच्या टाचा एकमेकींना चिकटलेल्या ठेवा आणि हात हळूहळू बेंबीकडे खाली न्या. कोपरं वर येतील. तळव्यांच्या टाचा सुटायला लागल्या की थांबा, तिथे वीस-तीस सेकंद धरा. उलट बाजूसाठी हातांच्या पाठी एकमेकींना लावून बोटं जमिनीकडे करायची.

तळहात वर न होणं ही या फ्रॅक्चरनंतरची सगळ्यात चिवट तक्रार आहे. मनगटाच्या वर दोन हाडं एकमेकांभोवती फिरतात आणि त्यांचा खालचा सांधा या मोडीत दुखावलेला असतो. देवळात प्रसाद घेताना, दुकानात सुटे पैसे घेताना, तोंडावर पाणी मारताना आईला हीच हालचाल आठवत असेल. तिला सांगा, कोपर काटकोनात वाकवून कमरेला घट्ट लाव, बगलेत एक घडी घातलेला टॉवेल धर. टॉवेल पडला याचा अर्थ खांदा मदतीला आला, म्हणजे ती हालचाल मोजायची नाही. मग हातात लाटणं उभं धरायला द्या, एका टोकाला. ते हळूहळू बाहेरच्या बाजूला कलू द्या, म्हणजे तळवा आभाळाकडे येईल. लाटण्याचं वजनच पुढचा ताण देतं. जिथे अडेल तिथे वीस सेकंद थांबून परत उभं, मग आतल्या बाजूला. जड वाटलं तर लाटणं मध्यावर धरायचं, सोपं वाटायला लागलं की टोकाकडे.

खांद्याबद्दल थोडक्यात. झोळी आजपासून बंद. पाठीवर झोपून, दोन्ही हातांत काठी धरून, चांगल्या हाताने दुखऱ्या हाताला डोक्याकडे नेऊ द्या. उभं राहून भिंतीवर बोटांनी चढत जायचं आणि जिथे पोचली तिथे खडूने खूण करायची. आईला मधुमेह असेल तर खांद्याकडे दुर्लक्ष करू नका, कारण अशा लोकांत खांदा गोठण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं आणि तो सुटायला वर्षही लागतं. साखर तपासलेली नसेल तर तपासून घ्या.

किती वेळा करायचं? सकाळी एकदाच अर्धा तास घामाघूम होण्यापेक्षा दिवसातून पाच-सहा वेळा, दर वेळी सहा-सात मिनिटं. चिकटलेले थर थोड्या वेळाने पुन्हा आक्रसतात, म्हणून त्यांना वारंवार आठवण द्यावी लागते. त्याआधी दहा मिनिटं कोमट पाण्यात हात बुडवून, पाण्यातच मूठ उघड-मीट केली तर बरं. पाण्याची ऊब आधी चांगल्या हाताने पाहा, दुखऱ्या हाताची संवेदना मंद असू शकते. हात लाल, गरम आणि टम्म सुजलेला असेल त्या दिवशी शेक नको.

दुखणं कुठवर सोसायचं, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण तो येणारच. व्यायाम करताना ताण लागेल, थोडं दुखेल. ते अर्ध्या-पाऊण तासात निवायला हवं. रात्री ठणका लागून झोपमोड झाली किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी बोटं आदल्या दिवशीपेक्षा सुजलेली दिसली, तर प्रमाण जास्त झालं. त्या दिवशी जोर निम्म्यावर आणा, पण बंद करू नका. आपल्याकडे दोन्ही टोकं दिसतात. एक तर 'दुखतंय ना, राहू दे' म्हणून हात उशीवर, नाहीतर 'रडली तरी चालेल, पण सोडव' म्हणून दोघांनी धरून ओढायचं. दोन्हींनी हात आखडतोच.

आता हाताने केल्या जाणाऱ्या थेरपीकडे येतो, कारण तुमचा मुख्य प्रश्न तोच आहे. याला 'जॉइंट मोबिलायझेशन' म्हणतात. मनगटाची छोटी हाडं वरच्या हाडाच्या खोलगट टोकात बसलेली असतात. पंजा वर वाकतो तेव्हा ही हाडं मागे लोळतात आणि त्याच वेळी तळव्याच्या बाजूला थोडीशी सरकतात. हे सरकणं डोळ्यांना दिसत नाही आणि रुग्णाला मनात आणूनही स्वतः करता येत नाही. आखडलेल्या सांध्यात लोळणं होतं पण सरकणं अडतं, म्हणून पंजा वर नेताना मनगटाच्या पाठीवर काहीतरी अडल्यासारखं टोचतं. थेरपिस्टचं काम हे सरकणं परत मिळवून द्यायचं.

प्रत्यक्षात ते असं दिसतं. आईचा हात तळवा खाली करून टेबलावर, मनगटाखाली टॉवेलची गुंडाळी. थेरपिस्ट एका हाताने मनगटाच्या वरचा भाग स्थिर धरतो, दुसऱ्या हाताने मनगटातल्या छोट्या हाडांची ओळ पकडून किंचित लांबवतो आणि खाली, जमिनीच्या दिशेने, दाबून सोडतो. दाबतो, सोडतो, दाबतो, सोडतो, सेकंदाला दोन-तीनदा, अर्धा-एक मिनिट. हालचाल काही मिलिमीटरची. शेजारी बसलेल्या माणसाला वाटेल, हा नुसता हात धरून बसलाय. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलँड यांनी या दाबाच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिल्या दोन पायऱ्या हलक्या, सांध्याला अडसर लागण्याच्या आत राहणाऱ्या, त्या दुखणं कमी करण्यासाठी. तिसरी आणि चौथी अडसरापर्यंत जाणारी, ती आखडलेपणासाठी. दुखरा हात आला की वरच्या पायऱ्यांना हात लावायचाच नसतो. न्यूझीलंडच्या ब्रायन मुलिगन यांची पद्धत थोडी वेगळी. त्यात थेरपिस्ट हाडांची ओळ बाजूला सरकवून धरतो आणि रुग्ण स्वतः मनगट वाकवतो. हे करताना दुखता कामा नये, दुखलं तर दिशा किंवा जोर बदलायचा. मला मनगटासाठी ही पद्धत आवडते, कारण रुग्ण स्वतः हालचाल करतो आणि 'अरे, जातंय की' हे त्याला जागेवरच कळतं.

चांगला थेरपिस्ट दाब देण्याआधी आणखी एक गोष्ट पाहतो, ती म्हणजे सांधा शेवटाला कसा अडतो. दाबल्यावर थोडं लवचिक, चामड्यासारखं वाटलं तर तो मऊ थरांचा आखडलेपणा, तो सुटतो. दगडावर दगड आपटल्यासारखं कट्कन थांबलं तर तिथे हाड आडवं येतंय. फ्रॅक्चर थोडं वाकडं जुळलं असेल तर असं होतं आणि तिथे कितीही ओढलं तरी काही मिळत नाही, फक्त इजा होते. अशा वेळी रुग्णाला हाडांच्या डॉक्टरांकडे परत पाठवायचं असतं. म्हणून एक्स-रे न बघता जो हात ओढायला घेतो, त्याच्याकडे हात देऊ नका, मग तो गावातला असो की शहरातला.

हाड बसवणाऱ्यांकडे लोक का जातात ते मला समजतं. ते जवळ असतात, पैसे कमी घेतात, आणि मुख्य म्हणजे हात हातात घेऊन वेळ देतात. दवाखान्यात 'हात हलवत राहा' एवढंच सांगून पुढचा नंबर पुकारला जातो. कसा हलवायचा, किती, कुठवर, हे कुणी दाखवत नाही. ती पोकळी भरायला लोक दुसरीकडे वळले तर दोष सगळा लोकांचा नाही. पण आईच्या हाताचं काय होईल ते पाहा. सात-आठ आठवड्यांचं हाड जुळलेलं असलं तरी पक्कं झालेलं नसतं, आणि या वयात ते आधीच ठिसूळ असू शकतं. झटक्यात ते पुन्हा मोडू शकतं. नाही मोडलं तरी चिकटलेले थर फाटतात, आत रक्त साठतं, सूज वाढते आणि आठ दिवसांत हात आधीपेक्षा घट्ट होतो. झटका दिल्यावर जो 'कट' असा आवाज येतो तो ऐकून 'हाड बसलं' असं वाटतं. तो आवाज सांध्यातल्या पाण्यात वायूचा बुडबुडा तयार होण्याचा असतो, बोटं मोडताना येतो तोच. हाड जागेवर बसण्याशी त्याचा संबंध नाही. कोपराच्या बाबतीत तर जोरात चोळण्या-ओढण्यामुळे स्नायूच्या आत हाड तयार होतं आणि कोपर कायमचं अडकतं. लहान मुलांमध्ये हे पाहिलं की जीव तुटतो. कोपर दुखावलेलं मूल घरात असेल तर हे वाक्य त्याच्या आजीलाही वाचून दाखवा.

थेरपिस्टकडे जायलाच हवं का? हाड सरळ जुळलंय, गुंतागुंत नाही, आणि कुणी एकदा बसून व्यायाम नीट शिकवला, तर बऱ्याच जणींचा हात घरच्या व्यायामावर चांगला होतो. मनगटाच्या फ्रॅक्चरनंतरच्या उपचारांवर झालेल्या चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये आढावा घेतला, त्यातही कुठली एक पद्धत दुसरीपेक्षा वरचढ आहे असं म्हणण्याइतका भक्कम पुरावा मिळाला नाही. पण आईचं मनगट, बोटं आणि खांदा तिन्ही आखडलेत. त्यामुळे तिने निदान पहिला महिनाभर आठवड्यातून दोनदा तरी जावं असं माझं मत आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत, तुमच्या बाजूला अंबाजोगाईला, नाहीतर लातूर किंवा नांदेडला, कमी खर्चात दाखवता येईल. खासगीत जाणार असाल तर पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा फिजिओथेरपीची पदवी आहे का ते विचारा. पूर्ण वेळ मशीनच्या वायरा लावून ठेवतात आणि हाताला हातच लावत नाहीत, असं दिसलं तर जागा बदला. शेक देणारी मशीन दुखणं जरा हलकं करेल, सांधा मोकळा करणार नाही.

जायला जमत नसेल तरी निराश होऊ नका. आमच्या भागातली ऊसतोडीची कुटुंबं दिवाळीच्या मागेपुढे गाव सोडतात आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. त्या बाईला आठवड्यातून दोनदा ये म्हणण्यात अर्थ नसतो. तिला एकाच भेटीत चार हालचाली पक्क्या शिकवायच्या, तिच्याच मोबाइलमध्ये तिच्या हाताचा व्हिडिओ काढून द्यायचा, आणि दर पंधरा दिवसांनी तसाच व्हिडिओ पाठवायला सांगायचं. उसाच्या फडावर राहूनही हात सुधारलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

काही लक्षणं दिसली तर मात्र व्यायाम, थेरपी सगळं बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. हात भाजल्यासारखा आगआग करतोय, साध्या पदराच्या स्पर्शानेही कळ येते, कातडी चकचकीत झालीय, रंग कधी लाल कधी निळसर, एकाच हाताला घाम येतो, असं असेल तर तो नसांच्या बिघाडाचा एक आजार असू शकतो. तो लवकर ओळखला तर आटोक्यात येतो. अशा हातावर कुणी जोर लावला तर तो चिघळतो. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या, रात्री जास्त, म्हणजे मनगटातली नस दबतेय. आणि एक दिवस अचानक अंगठ्याचं टोक वर उचलताच येईना, फारसं दुखतही नाही, असं झालं तर अंगठ्याची दोरी हाडावर घासून तुटली असण्याची शक्यता आहे. हे फ्रॅक्चरनंतर काही आठवड्यांनी, अगदी सरळ जुळलेल्या हाडातही होतं. लोक त्याला अशक्तपणा समजून दिवस घालवतात.

आता 'कधी बरं होईल'. निरोगी मनगट वर आणि खाली साधारण ७० ते ८० अंश वाकतं. रोजची बहुतेक कामं दोन्हीकडे ४० अंश मिळाले तरी होतात. पहिल्या तीन महिन्यांत हालचाल सगळ्यात वेगाने परत येते, पकडीचा जोर मात्र सहा महिने ते वर्षभर वाढत राहतो. करंगळीच्या बाजूला मनगट दुखणं महिनोन्महिने राहू शकतं, त्याने घाबरू नका. सुरुवातीला वाळलेले कपडे घड्या घालणं, पालेभाजी निवडणं, शेंगा फोडणं. आठव्या-नवव्या आठवड्यापासून, डॉक्टरांना विचारून, ओलं फडकं पिळणं, मऊ कणीक मळणं. भरलेली बादली आणि हंडा तीन महिन्यांच्या आत नको.

आणि भाकरी. आई विचारत असेल, खात्री आहे. भाकरीत मनगटाच्या सगळ्याच हालचाली येतात. पीठ मळताना तळव्याच्या टाचेवर अंगाचा भार, थापताना पंजा मागे वाकलेला, मग थापलेली भाकरी तळव्यावर उचलायची म्हणजे तळवा आभाळाकडे, आणि तव्यावर टाकताना तोच हात पूर्ण उलटा. म्हणून मी रुग्णाचा हात तपासताना अंश मोजतोच, पण 'भाकरी तव्यावर टाकता येते का' हेही विचारतो. सुरुवात शेवटाकडून करा. आधी दुसऱ्याने थापलेली छोटी भाकरी तव्यावर टाकणं, मग लहान उंड्याची थापणं, आणि मळणं सगळ्यात शेवटी, तीन महिन्यांनंतर. जमिनीवर बसून काटवटीत मळताना भार जास्त पडतो, म्हणून पहिले काही दिवस ओट्यावर परातीत मळू द्या.

एक काम मात्र हाताइतकंच निकडीचं आहे. उभ्या उंचीवरून पडून ५८ व्या वर्षी मनगट मोडणं हा हाडं ठिसूळ झाल्याचा पहिला इशारा असू शकतो. अशा बाईला पुढे मणक्याचं किंवा खुब्याचं हाड मोडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, आणि खुबा मोडला की माणूस अंथरुणाला खिळतो. हाडांच्या डॉक्टरांना 'डेक्सा' म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीबद्दल आणि रक्तातल्या ड जीवनसत्त्वाबद्दल विचारा. नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या मेडिकलमधून आणून भागवू नका, ठिसूळपणा निघाला तर त्यावर वेगळी औषधं आहेत. न्हाणीतल्या गुळगुळीत फरशीवर खरबरीत शहाबादी टाका किंवा रबरी चटई अंथरा, आणि धरायला भिंतीला एक पक्की दांडी ठोकून घ्या. थेरपिस्टकडे पहिल्यांदा जाल तेव्हा प्लॅस्टरच्या आधीचा आणि प्लॅस्टर काढल्यानंतरचा, असे दोन्ही एक्स-रे सोबत न्या. मोबाइलमधल्या फोटोवर काम भागवू नका, फिल्मच न्या.